बटणांच्या मुलखात

पालो आल्टो म्हणजे स्पॅनिश भाषेत उंच झाड. ज्या झाडावरून गावाला हे नाव पडले ते रेडवूडचे झाड हजार वर्षांहून जुने आहे आणि ओढ्याच्या काठी, रेल्वेच्या पुलाला लागून, अजून उभे आहे. आपल्याकडे एवढ्या वयाच्या झाडाला एव्हाना पार बांधला गेला असता, शेंदूर लागला असता आणि शेजारी नारळवाल्याने दुकान थाटले असते. इथे आहे ती एक पाटी. शेजारून गाडी धडधडत जाते, झाडाला त्याचे काही नाही.

गावातले दुसरे तीर्थस्थान म्हणजे ॲडिसन ॲव्हेन्यूवरचे एक गॅरेज. ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोघा तरुणांनी ५३८ डॉलरच्या भांडवलावर १९३९ साली तिथे धंदा सुरू केला, आणि पुढे त्या साऱ्या मुलखालाच सिलिकॉन व्हॅली म्हणू लागले. हिरव्या दाराची लाकडी खोली, पुढे थोडी झाडी. आत जाऊ देत नाहीत. आमच्याबरोबर आणखी चार माणसे त्या दाराचे फोटो काढत होती. जावई म्हणाले, "आई, जगात बंद दाराचे एवढे फोटो दुसरीकडे कुठे निघत नसतील." मला आपली पंढरपूरची नामदेवाची पायरी आठवली. ती निदान जाता-येता पायाखाली लागेल म्हणून जपायची तरी असते.

तर आम्ही २०२४ च्या मार्चमध्ये मुलीकडे गेलो होतो. तिचे भाड्याचे घर शेजारच्या माउंटन व्ह्यू गावात. घर नवेकोरे, पांढरेशुभ्र आणि त्यात एकही बटण नाही. म्हणजे खट्ट असा आवाज करून खाली-वर होणारे, आपण ज्याला बटण म्हणतो ते नाही. दाराशेजारी भिंतीत पोस्टकार्डाएवढी एक काळी काच. हात लावला की उजळते. मग तिच्यावर बारीक चित्रे दिसतात : दिवा, पंखा, पडदा, थंडी-ऊन. दिव्यावर बोट टेकायचे की खोल्यांची यादी येते, यादीतून खोली निवडायची आणि मग एक पट्टी सरकवून उजेड किती हवा ते सांगायचे. आमचा नातू वय वर्षे सहा. तो हे सारे नाक पुसता पुसता करतो.

आमच्या ह्यांना ते जमेना. हे डोंबिवलीच्या शाळेत चौतीस वर्षे चित्रकला शिकवीत. फळ्यावर नुसत्या हाताने काढलेले यांचे वर्तुळ मुले कंपास लावून तपासायची, आणि कंपासच चुकला असेल असे म्हणायची. गेली पाच-सहा वर्षे यांच्या उजव्या हाताला कंप आहे. डॉक्टर म्हणतात, हा कंपवात नव्हे. हात मांडीवर असला की स्वस्थ असतो, काही करायला उचलला की कापू लागतो. घरी बोर्डावरच्या जुन्या खटक्यांना हे तळवा लावतात आणि काम भागते. काचेला तळव्याने काय कळणार ! दिव्यावर बोट न्यावे तर ते पंख्यावर पडे. पुन्हा नेताना दोनदा टेके, आणि लागलेला दिवा लगेच विझे.

आठवड्याभरात माझ्या ध्यानात आले की यांनी संध्याकाळचा चहा सोडला आहे. सहानंतर पाणीही घेत नव्हते. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने तापातसुद्धा चहा सोडलेला मी पाहिला नव्हता. खोदून विचारल्यावर म्हणाले, "रात्री उठायला लागू नये म्हणून. पोरीला सांगू नकोस." बोलून दिवा लावायचीही सोय त्या घरात होती. पण रात्री दोन वाजता पाहुण्याने भिंतीशी इंग्रजीत बोलायचे आणि नातवाची झोपमोड करायची, हे यांच्या स्वभावात बसणारे नव्हते.

मी टेलिफोनवाली. १९७५ साली मुंबईच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये लागले. समोर उभा बोर्ड, त्यावर शेकडो भोके, दिवा लागला की कॉर्ड खोचायची, तिकीट लिहायचे, ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग अशी कॉलची उतरंड सांभाळायची. बोर्डाची उंची एकच आणि आम्ही मुली नाना उंचीच्या. मी पाच फुटांना अर्धा इंच कमी. वरच्या ओळीतले गाव मागितले की खुर्चीवरून उठायचे, टाचा उंचवायच्या. बोर्डाने खाली वाकावे असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. यंत्राप्रमाणे माणसाने बेतावे, ही त्या काळची रीत. म्हणूनच त्या काळ्या काचेचा मला राग आला. लाकडाचा बोर्ड वाकू शकत नव्हता, ते ठीक. पण काचेवरची चित्रे तर नुसता उजेड आहेत. त्यांना मोठे व्हायला काय हरकत होती ?

मनात हा प्रश्न घेऊन मी पुढची सगळी भटकंती केली. योगायोग असा, की ज्या मुलखात आम्ही उतरलो होतो तिथेच तो प्रश्न मुळात निर्माण झाला आणि तिथेच त्यावर डोकेफोडही झाली.

पालो आल्टोच्या मागच्या टेकड्या मार्चमध्ये पोपटी हिरव्या असतात. उन्हाळा आला की त्याच वाळलेल्या गवताने पिवळ्या पडतात. त्यांतल्या एका उतारावर, कायोटी हिल रोडला, पायऱ्यापायऱ्यांची एक बसकी इमारत आहे. झेरॉक्स कंपनीने १९७० साली काढलेली ही संशोधनशाळा, पार्क. पडद्यावरच्या खिडक्या आणि चित्रे यांनी चालणारा संगणक हिने १९७३ साली बांधला. आता ती झेरॉक्सकडे नाही. २०२३ साली कंपनीने ती एसआरआय या संस्थेला देऊन टाकली. गंमत अशी, की त्या खिडक्यांत फिरणारा माउस जन्मला होता तो १९६० च्या दशकात याच एसआरआयमध्ये. घराणी शेवटी सोयरिकीने जुळली म्हणायची !

इमारत आम्ही रस्त्यावरूनच पाहिली. मला ती पाहायची होती ती मार्क वायझर या माणसासाठी. १९८८ च्या सुमारास त्याने इथे एक विचार मांडला, की संगणक ही एक पेटी टेबलावर मांडून माणसाने तिच्यापुढे बसायचे, हे काही खरे नाही. संगणक घरभर विखुरला पाहिजे आणि इतका अंगवळणी पडला पाहिजे की तो आहे हेच ध्यानात राहू नये. १९९१ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्याने यावर लेख लिहिला. एक इंचाचे, एक फुटाचे आणि एक यार्डाचे असे तीन मापांचे संगणक त्याने कल्पिले, आणि एकेका खोलीत असे शेकडो असतील असे म्हटले. १९९९ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तो वारला. हातोहाती फोन झालेले त्याने पाहिलेच नाहीत.

त्याच्या काळी त्या इमारतीत नॅटली जेरेमिजेंको नावाच्या कलावंतीणीने छताला आठ फूट लांबीची एक प्लॅस्टिकची दोरी टांगली होती. वर एक छोटी मोटर, आणि मोटर संगणकांच्या तारेला जोडलेली. तारेतून निरोपांची वर्दळ वाढली की दोरी गरागरा फिरे, वर्दळ थांबली की नुसती थरथरे. आकडे नाहीत, पडदा नाही, बटण तर नाहीच. कामात असलेल्या माणसाला कानाच्या कोपऱ्यातून कळे की आज गर्दी आहे. मला ही दोरी फार आवडली. आमच्या एक्स्चेंजमध्येही बोर्डाकडे न बघता नुसत्या खटखटाटावरून आम्हाला कळत असे की आज कुठेतरी पूर आला आहे किंवा लग्नाची तिथी आहे.

पण शेकडो यंत्रे म्हणजे शेकडो बोर्ड. दिव्याचा निराळा, पडद्याचा निराळा, प्रोजेक्टरचा निराळा. शिवाय माणसाच्या हातात कधी फोन, कधी पाटी, कधी भिंतीएवढा पडदा. प्रत्येक यंत्राचा प्रत्येक पडद्यासाठी वेगळा बोर्ड माणसांनी हाताने रचायचा म्हटले तर जन्म पुरायचा नाही. तेव्हा बोर्ड आपोआप तयार झाला पाहिजे, आणि समोर जे साधन असेल त्याच्या बेताने झाला पाहिजे. या बोर्डाला तिकडे इंटरफेस म्हणतात. मी आपली बोर्डच म्हणणार.

या उद्योगाची एक खरीखुरी खोली स्टॅनफर्ड विद्यापीठात होती. ताडामाडांच्या लांबलचक रस्त्याने आत गेले की पिवळसर दगडाच्या कमानींचा मोठा चौक लागतो. आमच्या ह्यांचा पाय तिथून निघेना. कमानींच्या सावल्या फरशीवर कशा तिरक्या पडतात ते पाहत उभे. मी आणि जावई पुढे गेट्स बिल्डिंगकडे निघालो. ती इमारत १९९६ ची. इथेच पुढे तीन-चार वर्षांत 'आयरूम' उभी राहिली. एका भिंतीला स्पर्श ओळखणारे तीन मोठे फळे, समोर चित्रांसाठी एक विशाल पडदा आणि मधोमध एक टेबल, ज्याचा पृष्ठभाग म्हणजेच पडदा. एकच माउस घेतला की त्याचा बाण या फळ्यावरून त्या फळ्यावर आणि तिथून टेबलावर उतरे. तो सगळा प्रयोग त्या काळचा. जावयांचे एक स्नेही त्या दिवसांत तिथे शिकत होते. त्यांनी कॉफी पिता पिता मला ती खोली समजावून सांगितली.

खोलीतली यंत्रे एकमेकांशी थेट बोलत नसत, हे त्यातले पहिले शहाणपण. डेव्हिड गेलर्नटर नावाच्या संशोधकाने १९८० च्या दशकात मांडलेल्या कल्पनेवर बेतलेला एक सामाईक निरोप-फळा त्यांनी केला होता. आपल्या चाळीत जिन्याखाली असतो तसाच. ज्याला सांगायचे त्याने निरोप लावून जायचे, ज्याला हवा त्याने वाचायचे, आणि मुदत संपली की निरोप आपोआप गळून पडायचा. कोण लावून गेले आणि तो अजून जिवंत आहे की नाही, याची वाचणाऱ्याला पर्वा नाही. त्यामुळे एखादे यंत्र बिघडले तर बाकीची खोळंबत नसत. पुन्हा सुरू झाले की ते फळ्यापाशी येऊन मुकाट्याने कामाला लागे. चाळीस बिऱ्हाडांचा कारभार त्याच एका फळ्यावर चाललेला आपण पाहिला आहे, म्हणून मला याचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते तो फळा त्यांना इतक्या उशिरा सुचल्याचे.

दुसरे शहाणपण 'आयक्राफ्टर'चे. शंकर पोन्नेकांटी, ब्रायन ली, आर्मांडो फॉक्स, पॅट हॅनरहन आणि टेरी विनोग्राड या पाच जणांनी २००१ साली अटलांटा येथील परिषदेत ते मांडले. खोलीतला प्रत्येक दिवा, प्रत्येक प्रोजेक्टर ठरावीक वेळाने पुकारा करी : मी आहे, मला एवढी एवढी कामे येतात. तुम्ही हातातले साधन घेऊन आत आलात आणि बोर्ड मागितलात, की मधला एक कारभारी तीन गोष्टी पाही. यंत्राला काय येते, साधनावर काय मावते, आणि खोलीत काय कुठे आहे. त्यावरून तो योग्य रचणाऱ्याला हाक मारी आणि बोर्ड तयार होई. मोठ्या पडद्यावर खोलीचा नकाशाच उमटे आणि ज्या जागी दिवा त्या जागी दिव्याचे चित्र. खोली बदलली की नकाशा बदले, कार्यक्रम मात्र तोच. नुसत्या आवाजावर चालणारे साधन असले तर तेच सारे प्रश्नोत्तरांत येई. दोन यंत्रांचे जमत असले, म्हणजे एक चित्र देणारे आणि एक चित्र घेणारे, तर दोघांचा मिळून एकच बोर्ड तो रचून देई. अशी जोडी लागेल हे आधी कोणी ठरवलेले नसले तरी.

"मग दिसायला कसे असत हे बोर्ड ?" मी विचारले.

ते हसले. म्हणाले, "तयार कपड्यासारखे. अंगाला बसायचे, पण शोभायचे असे नाही. ज्याला शिंप्याकडून शिवून हवा त्याच्यासाठी हाताने रचलेला बोर्ड लावायची सोय ठेवलेली होती."

हे सगळे छान, पण माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यात अर्धेच होते. खोलीने यंत्र पाहिले, पडदा पाहिला, भिंती पाहिल्या. हात पाहिला नाही.

हात पाहिला तो सिअ‍ॅटलला. तिथे माझा भाचा असतो. विमानाने दोन तास. आम्ही गेलो तेव्हा वॉशिंग्टन विद्यापीठाच्या चौकातल्या चेरी ऐन बहरात होत्या. इतका फिका गुलाबी रंग, की लांबून धुकेच वाटावे. सगळे शहर लोटले होते. नव्या नवऱ्या, तान्ही मुले, कुत्री, झाडून सारे फोटोत. गवतावर एक चिनी तोंडवळ्याची मुलगी जलरंगात झाड काढत बसली होती. आमचे हे तिच्या मागे जाऊन उभे राहिले ते पाऊण तास हलले नाहीत. आकाश निवळले की त्या आवारातून माउंट रेनिअरचे हिमशिखर दिसते म्हणतात. आम्हाला ढग दिसले.

भाचा याच विद्यापीठात शिकलेला. चेरीखाली डबा उघडून बसलो असता त्याने 'सपल'ची गोष्ट सांगितली. क्शिश्तोफ गायोस हा पोलिश नावाचा तरुण एमआयटीमधल्या अशाच एका हुशार खोलीत काम करून इथे आला आणि डॅन वेल्ड या प्राध्यापकाबरोबर २००४ साली त्याने 'सपल' नावाचा कार्यक्रम मांडला. उदाहरण घेतले तेही वर्गखोलीचेच : दिवे, हवा, प्रोजेक्टर. त्याचे म्हणणे असे, की बोर्ड रचणे हा हिशेब आहे. उजेड किती, हे विचारायला पट्टी लावता येते, यादी लावता येते, बटणेही लावता येतात. प्रत्येकाला जागा किती लागते आणि वापरणाऱ्याला कष्ट किती पडतात ते मांडा. मग पडद्यावर मावणाऱ्या असंख्य रचनांतून ज्यात एकूण कष्ट सर्वांत कमी, ती यंत्राने शोधून काढायची. पैशापैशाचा मेळ घालून महिना काढणाऱ्या गृहिणीला हे वेगळे समजावून द्यायला नको.

पुढची पायरी माझ्या कामाची होती. कष्ट कोणाचे ? सरासरी माणसाचे, की समोर बसलेल्याचे ? सुधारलेल्या कार्यक्रमात त्यांनी आधी माणसाची परीक्षा घेतली. ठिपक्यावर नेम धरणे, ओढून नेणे, यादीतून निवडणे, एकाच जागी अनेकदा दाबणे. त्यातून त्या हाताचा स्वभाव कळला, आणि हिशेब त्या हाताचा झाला. ज्याचा नेम ढळतो त्याला मोठी, सुटी सुटी बटणे मिळाली, मग त्यासाठी चार पाने उलटावी लागली तरी चालतील. ज्याचा नेम पक्का पण हातात बळ नाही, त्याला उलट लहान आणि जवळजवळ, म्हणजे हात फार सरकवायला नको. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हालचालीची अडचण असलेली माणसे अशा बोर्डांवर २६.४ टक्के जलद काम करू लागली आणि त्यांच्या चुका ७३ टक्क्यांनी घटल्या.

मी भाच्याला म्हटले, "अरे, पण आज एक आणि उद्या एक असा बोर्ड बदलत राहिला तर माणूस वेडा होईल. सुनेने फडताळ आवरले की सासूचे काय होते ते मला विचार."

"मावशी, त्याचाही प्रयोग झालाय," तो म्हणाला. २००६ साली गायोस आणि मंडळींनी वेगवेगळ्या तऱ्हांनी बदलणारे बोर्ड लोकांना वापरायला दिले. वस्तू जागच्या हलवणारा बोर्ड लोकांना रुचला नाही. रुचला तो असा, की मूळ बोर्ड जसाच्या तसा राहायचा आणि हरघडी लागणाऱ्या वस्तूंची एक एक प्रत शेजारच्या छोट्या जागेत यायची.

मी हसत सुटले. हा तर मिसळणाचा डबा ! मोहरी, हळद, हिंग यांच्या बरण्या फळीवर आपापल्या जागी, आणि रोजच्यापुरते थोडे थोडे डब्यात, हाताशी. आपल्या आज्यांनी हे कोणत्या परिषदेत मांडले नाही, एवढेच.

एक गोष्ट मात्र मला उमगत नाही, आणि ती भाच्यालाही धड सांगता आली नाही. हे सगळे इतकी वर्षे माहीत असून मुलीच्या भिंतीवरची काच तशीच का ? भाचा म्हणाला की बनवणाऱ्याला आपल्या मालाचा तोंडवळा सगळीकडे एकसारखा हवा असतो. आजोबांकडे एक आणि नातवाकडे दुसरा असा दिसला तर दुकानात मांडायचा कोणता ? असेल. मला ते कारण नसून सबब वाटली.

माउंटन व्ह्यूला परत आल्यावर मुलीला मी सारे सांगितले, चहासकट. ती काही बोलली नाही. रात्री मुलगा झोपल्यावर तिने एक जुना टॅबलेट काढला आणि त्यावर लहानमोठी वर्तुळे आणून बाबांपुढे ठेवली.

"बाबा, दाबा एकेक."

यांनी आधी मास्तरांच्या नजरेने वर्तुळे न्याहाळली. "हे डावीकडचं लंबगोल झालंय," म्हणाले. मग दाबू लागले. बोट जिथे जिथे पडे तिथे ठिपका उमटे. अर्ध्या तासात पडदा मोहरीने भरून गेला. ठिपके उगीच विखुरलेले नव्हते. बहुतेक उजवीकडे आणि थोडे खाली सांडत होते. त्या कार्यक्रमाने जे आपोआप करायचे ते मुलीने दोन रात्री बसून हाताने केले. पानावर दोनच बटणे ठेवली, बोळातला दिवा आणि न्हाणीघरातला. प्रत्येक तळहाताएवढे, मध्ये भरपूर मोकळी जागा, आणि स्पर्श घेणारी हद्द उजवीकडे थोडी वाढवलेली. एकदा बोट लागले की पुढचे दोन सेकंद कितीही वेळा लागो, ते मोजायचे नाही. टॅबलेट यांच्या उशाशी. भिंतीवरची काच आहे तिथेच, इतरांसाठी.

पहिल्या रात्री मी जागीच होते. उजेड झाला, पावले गेली, परत आली, उजेड गेला. कोणी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला हे स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि आधण ठेवले आहे का म्हणून विचारू लागले. चौथ्या दिवशी तिसऱ्या बटणाची मागणी आली, खिडकीचा पडदा. पहाटेचे आकाश पाहायला.

नातवाने मात्र हट्ट धरला की आजोबांसारखे मोठे बटण त्यालाही हवे. त्याची आई कामात होती. तेव्हा आजोबांनीच त्याला कागदावर एक वर्तुळ काढून दिले. रेघ कापरी आली, पण सुरुवातीला शेवट बरोबर जुळला. त्याने ते लाल रंगवून भिंतीवर काळ्या काचेच्या खाली चिकटवले, आणि आम्ही निघेपर्यंत जाता-येता तो ते दाबत होता.